रॉजर्सच्या चाकूची ओळख आणि किंमत

फोंडा, गोवा

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानात मला मिळालेल्या दोन पात्यांच्या घडीच्या चाकूचे फोटो पाहून तू दोन प्रश्न विचारलेस: हा खरोखर रॉजर्स कंपनीचा आहे का, आणि असला तर त्याची किंमत काय. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, आणि पहिल्याचे उत्तर केवळ पात्यावरच्या नावावरून देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातील जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीने 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी 75 पाती आणि अवजारे असलेला एक अवाढव्य चाकू घडवला होता, आणि आपल्याकडेही आजोबांच्या पिढीत या नावाचा दबदबा होता. दबदबा असला की नकला आल्याच. एकोणिसाव्या शतकात शेफील्डची नावे आणि शिक्के परदेशी मालावर इतके सर्रास उठवले जात, की ब्रिटिश संसदेला 1887 मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. विक्रेत्याने मला हा चाकू बार्देशातल्या एका तारवट्याच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशाच्या, घरातून आल्याचे सांगितले. ते खरे असूही शकेल, कारण तिथल्या कित्येक घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेले आहेत. पण कागदोपत्री पुरावा नसलेल्या कथेसाठी मी एक पैसाही जास्त मोजत नाही.

पाते उघडल्यावर ते मुठीला जिथे मिळते, त्या बुडाच्या जाड भागावर शिक्का असतो. सोनाराच्या भिंगातून, उजेड बाजूने पाडून पाहिले तेव्हा तारा आणि माल्टीज क्रूस ही कंपनीची जुनी खूण, मुकुटाच्या दोन बाजूंना जी आणि आर ही अक्षरे, ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’ (महाराजांचे चाकू बनवणारे) हे शब्द आणि खाली शेफील्ड, इंग्लंड असे स्पष्ट वाचता आले. तू व्हिक्टोरिया राणीच्या काळाचा अंदाज केला होतास, पण तिच्या काळात अक्षरे व्ही आणि आर असती आणि ‘हिज’च्या जागी ‘हर’ असते. जी म्हणजे जॉर्ज राजा. चौथ्या जॉर्जचा काळ 1830 मध्येच संपला. शिवाय देशाचे नाव कोरण्याची पद्धत अमेरिकेच्या 1890 च्या आयात कायद्यानंतर रूढ झाली. म्हणजे उरतात पाचवा आणि सहावा जॉर्ज, आणि काळ 1910 ते 1952 च्या दरम्यानचा ठरतो. पाते स्टेनलेस नाही, साध्या कार्बन पोलादाचे आहे. पण स्टेनलेसचा शोध 1913 मध्ये लागल्यानंतरही कार्बन पोलादाची पाती बनतच राहिली, त्यामुळे एवढ्यावरून काळ आणखी आवळता येत नाही.

शिक्का हा केवळ एक साक्षीदार आहे. बाकीच्यांची साक्ष त्याच्याशी जुळली पाहिजे. लहान पात्याचे बूडही त्याच घडणीचे आहे. दोन्ही टोकांच्या खिळा एकसारख्या झिजलेल्या आहेत, म्हणजे पाते मागाहून बदललेले नसावे. आतल्या पितळी पट्ट्या सरळ आहेत आणि पाते मिटताना स्प्रिंग खणखणीत आवाज करते. मुठीवरच्या पट्ट्या हाडाच्या आहेत, कारण भिंगाखाली बारीक काळसर छिद्रे दिसतात. प्लास्टिकला ती नसतात, आणि हस्तिदंताच्या कापल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. हस्तिदंत नाही याचा मला आनंदच झाला, कारण त्याचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. मूठ कशाची आहे हे ओळखायला कोणी तापलेली सुई टोचून पाहायला सांगितले तर मुळीच ऐकू नकोस. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, निघाली तर ती चटकन पेट घेते.

उणी बाजू मोठ्या पात्याची आहे. वर्षानुवर्षे धार लावून ते इतके अरुंद झाले आहे, की मिटल्यावर मुठीच्या खाचेत बरीच पोकळी दिसते. संग्राहक सर्वांत आधी हेच पाहतात, आणि या एका दोषामुळे भाव निम्म्यावर येतो असे मी धरतो. पात्यावरची करडी झाक हा दोष नव्हे. उलट ती शाबूत असणे चांगले. तुझ्या ओळखीच्या त्या कारागिराने पॉलिशच्या चाकावर धरून पाते चकचकीत करून देण्याची तयारी दाखवली, पण त्यात शिक्क्याच्या कडा बोथट होतील आणि उरलेली किंमतही जाईल. मी फक्त तांबूस गंजावर तेल लावून अगदी बारीक स्टील वूलने हलकेच घासले.

आता पैशांचे. मी सातशे रुपये दिले. लोक जाहिरातीत जे आकडे टाकतात ती त्यांची इच्छा असते. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच चाकवांचे भाव पाहावेत, तेही तितक्याच झिजलेल्या नगांचे. रॉजर्सने असे दोन पात्यांचे चाकू अमाप बनवले, त्यामुळे ते दुर्मीळ नाहीत. माझ्या हिशेबाने आपल्याकडे जाणकार गिऱ्हाईक याचे दोन-अडीच हजार देईल. पाते असे झिजून अरुंद झालेले नसते तर मी पाच हजार मागितले असते. पणजीच्या एका दुकानदाराने ‘राणीच्या काळचा’ म्हणून असाच एक चाकू पंधरा हजारांना मांडला आहे. त्यावरही जी आणि आरच आहेत.

गोव्याच्या पावसाळ्यात तो चामड्याच्या म्यानात ठेवणार नाही, कारण चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात. तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळून ठेवला आहे. सेल्युलॉइडच्या मुठीचा माझा दुसरा चाकू मात्र वेगळ्या डब्यात टाकला, कारण ते जुने झाले की त्यातून निघणारी आम्ल वाफ शेजारच्या चाकवांनाही गंजवते.

चतुर्थीला येशील तेव्हा तुझ्या काकांचा तो शिंगाच्या मुठीचा चाकू घेऊन ये. शिंगाला कीड लागते, तेव्हा आधी मुठीच्या कडा तपासून घे. विमानाने येणार असलास तर तो हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इनच्या सामानात टाक, नाहीतर सुरक्षा तपासणीतच तो काढून घेतील.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रमाकांत