दीड वर्षाचे की दोन वर्षांचे?

अंबाजोगाई, दि. ८ मे

चि. माईस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हा विषय नीट होत नाही. तुझी रात्रपाळी संपते तेव्हा तुझ्या डोळ्यांवर झोप असते, आणि मी बोलायला लागले की तुझे बाबा मध्येच घराच्या हप्त्याचे काढतात. म्हणून लिहूनच पाठवते आहे. दोनदा वाच आणि मग भांड.

तू विचारले आहेस की एम. एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यावा, सरकारने सुरू केलेल्या नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपण करणारी परिचारिका होण्याच्या, दीड वर्षाच्या प्रशिक्षणाची वाट धरावी, की तुझी मैत्रीण म्हणते तशी अमेरिकेची तयारी करावी. माझे मत आधी सांगते, कारणे मागून. ज्या शिक्षणाने तुझा हात बाळंतिणीपासून दूर जाईल ते आत्ता घेऊ नकोस. आधी दीड वर्षाचे कर. दोन वर्षांची पदवी तुला नंतरही घेता येईल.

माझ्या प्रमाणपत्रावर 'साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका' (इंग्रजीत एएनएम) असे लिहिले होते. प्रसाविका म्हणजे बाळंतपण करणारी, मिडवाइफ. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी एकदाही प्रसाविका म्हटले नाही. गावात मी सिस्टर होते, पंचायत समितीच्या बैठकीत एएनएम होते आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्यांसाठी नर्सबाई होते. तुझे तर नोंदणीतच दोन्ही आहे, परिचारिकाही आणि प्रसाविकाही. पण अधिपरिचारिका म्हणून रुजू झाल्यापासून तीन वर्षांत तू लेबर रूममध्ये किती महिने होतीस, हे तूच मोजून पाहा. आज प्रसूती कक्ष, तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेचा वॉर्ड, मग अपघात विभाग. हात बसतो न बसतो तोच ड्युटीचा कागद बदलतो. आपल्याकडे प्रसाविका हा स्वतंत्र पेशा आहे असे कोणी धरलेच नाही, तो नर्सिंगच्या पदराला बांधलेला राहिला. २०२३ साली संसदेने जो नवा कायदा केला त्यात राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आले आहेत. १९४७ च्या जुन्या कायद्यातल्या परिषदेच्या नावात फक्त नर्सिंग होते. नाव आले म्हणून लगेच काम बदलेल असे मी समजत नाही, पण नाव आले हे मला बरे वाटले.

आता एम. एस्सी.चे. तुला टक्के आहेत, नोंदणी आहे, लागतो त्यापेक्षा जास्त अनुभवही आहे, तेव्हा पात्रतेचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो त्या दोन वर्षांत काय शिकवतात याचा. पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षण, प्रगत परिचर्या, संशोधन व संख्याशास्त्र आणि तुझा विशेष विषय. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, पुन्हा विशेष विषय आणि प्रबंध. म्हणजे प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा विषय घेतलास तरी शिकवावे कसे, कारभार कसा चालवावा आणि प्रबंध कसा लिहावा यात बराच काळ जातो. हे शिक्षण वाईट नाही. चांगल्या पाठ्यनिर्देशिका त्यातूनच तयार होतात आणि त्या नसत्या तर तू तरी कोणाकडून शिकली असतीस? पण ती पदवी घेतलेल्या ज्या मुली माझ्या ओळखीत आहेत त्यातल्या बहुतेक आज वर्गात फळ्यापुढे किंवा कार्यालयात आहेत. प्रसूतीच्या टेबलाजवळ एकही नाही. एकीने मला सांगितले की चार वर्षांत तिने प्रसूती केलेली नाही आणि विद्यार्थिनींना मात्र ती प्रसूतीचे टप्पे शिकवते. हे सांगताना ती हसली. मला हसू आले नाही.

दीड वर्षाच्या प्रशिक्षणाची गोष्ट निराळी आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यातून हे आले. जी. एन. एम.ची पदविका किंवा बी. एस्सी.ची पदवी झालेल्या, नोंदणी असलेल्या परिचारिकेला अठरा महिने फक्त हेच शिकवायचे: गरोदरपणाची तपासणी, कळा, प्रसूती, बाळंतीण आणि बाळ. ज्या बाईला काही जोखीम नाही तिचे बाळंतपण तिने स्वतःच्या जबाबदारीवर करायचे आणि गुंतागुंत दिसली की वेळेत डॉक्टरांकडे सोपवायचे. त्यासाठी मोठ्या रुग्णालयांतच मिडवाइफने चालवायचे वेगळे कक्ष असावेत अशी ती कल्पना आहे. तेलंगणाने तर केंद्राच्याही आधी, २०१७ साली, हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनला बरोबर घेऊन करीमनगरला हे सुरू केले. करीमनगर आपल्या नांदेडपासून फार लांब नाही आणि निजामाच्या राज्यात तर आपण एकाच घरातले होतो. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये, असे माझ्या मनात येते. मग इथल्या बदल्यांच्या याद्या आठवतात आणि मी गप्प बसते.

आता जे तुला कधी सांगितले नाही ते सांगते, कारण त्याशिवाय माझ्या मताला आधार नाही.

तू चौथीत असशील. श्रावण होता. वस्तीवरची एक बाई, दुसरी खेप, संध्याकाळी आठच्या सुमारास सासूबरोबर उपकेंद्रात आली. मी तपासले तेव्हा गर्भाशयाचे तोंड चार सेंटिमीटर उघडले होते, बाळाचे ठोके चांगले होते, बाई हसत बोलत होती. तिथून पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसे पुढे सरकते त्याचा आलेख, मांडायचा असतो. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, दर चार तासांनी तपासणी, आणि तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने ओढलेल्या रेषेच्या उजवीकडे आलेख सरकू लागला की सावध व्हायचे. हे मला तोंडपाठ होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मासिक अहवाल तालुक्याला द्यायचा होता, लसीकरणाचा, कुटुंबनियोजनाचा, हिवतापाचा, आणि मी शेजारच्या खोलीत रजिस्टरे पसरून बसले. मध्ये एकदा उठून ठोके ऐकले. कितीदा ऐकले ते आज शपथेवर सांगता येणार नाही. आम्ही सगळ्याच जणी पार्टोग्राफ बाळंतपण झाल्यावर भरत असू. ठिपके रेषेवरून कसे चढवायचे ते हाताला माहीत होते, एकही कागद तपासणीत कधी परत आला नाही. रात्री दोनला बाई दमली होती, ठोके मंदावले होते आणि तोंड सहाच्या पुढे गेले नव्हते. जीप मिळाली. तो कागद मी जीपमध्ये मांडीवर पॅड धरून, विजेरीच्या उजेडात, खड्ड्यांत हात हलत असताना भरला. पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारले, "चार सेंटिमीटर नेमके किती वाजता होते? ठोके कधीपासून कमी आहेत?" मी कागदाकडे पाहून उत्तर दिले. बाई वाचली. बाळ रडले नाही.

मला कोणी जाब विचारला नाही. कागद नेटका होता.

तेव्हा मला काय माहीत नव्हते, असे कोणी विचारले तर माहीत नव्हते असे काहीच नव्हते. दीड वर्षाच्या एएनएमच्या शिक्षणात हे सगळे होते. (हो, माझेही दीडच वर्षाचे होते, तुझे बाबा त्यावरून तुला चिडवतील.) जे नव्हते ते असे की, त्या रात्री त्या बाईजवळ बसणे हेच माझे काम आहे आणि अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी गेला तरी चालेल, हे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता आणि मी तो घेतलाही नाही. तुला जे शिक्षण घ्यायचे आहे त्यात हा अधिकार मिळतो का, हे मी पाहते आहे. डॉक्टर नसताना निर्णय कोणी घ्यायचा, कोणत्या क्षणी पाठवायचे, आणि पाठवताना समोरच्याने आपले ऐकावे म्हणून काय नोंदवलेले असावे, हे जिथे रोज करून घेतात तिथे शिक.

शिवाय शिकलेले जुनेही होते. मला चार सेंटिमीटर आणि तासाला एक हे देवाच्या वचनासारखे शिकवले होते. तू मागे सांगितलेस की जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली जोराच्या कळांची सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरायला सांगितले, प्रत्येक बाई तासाला एकच्या चालीने जाईलच असे नाही हे मान्य केले आणि २०२० मध्ये पार्टोग्राफच्या जागी नवा लेबर केअर गाइड काढला. म्हणजे माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी बायांना मी उगाच घाई केली असेल. पोटावर दाब देणे, पाय स्टँडला बांधून उताणे झोपवणे, पहिलटकरीण दिसली की वाट मोठी करायला कात्री घेणे, हे सगळे मी केले आहे आणि चांगले म्हणून केले आहे. आमच्याआधीच्या सुईणी बाईला उकिडवे बसवत, दोरीला धरायला लावत, आणि आम्ही त्यांना अडाणी म्हणत असू. त्यांच्या विळ्याने आणि राखेने धनुर्वात व्हायचा हे खरेच होते. पण बसवण्याचे त्यांचे बरोबर होते, हे तुझी पुस्तके आता सांगतात.

अमेरिकेबद्दल तुझ्या मैत्रिणीचे म्हणणे चूक नाही. तिथे सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ व्हायला पदव्युत्तर पदवीच लागते, २०१० पासून तशी अट आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करून राष्ट्रीय परीक्षा द्यायची आणि दर पाच वर्षांनी प्रमाणपत्र नवे करायचे. आपल्या एम. एस्सी.त आणि त्यांच्यात मोठा फरक हा की तिथली पदव्युत्तर पदवी बाईच्या उशाशी बसणारी मिडवाइफ तयार करते, औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेली. तू पाठवलेला तो लेख मी वाचला. मेरी ब्रेकिन्रिज या बाईने १९२५ साली केंटकीच्या डोंगरात घोड्यावरून फिरणाऱ्या परिचारिकांची सेवा सुरू केली. स्वतः ती मिडवाइफरी शिकायला इंग्लंडला गेली होती, आणि पुढे महायुद्ध पेटल्यावर तिच्याकडच्या इंग्रज मिडवाइफ मायदेशी परतू लागल्या तेव्हा १९३९ साली तिने तिथेच शाळा काढली. घोड्याचे वाचून मला माझी लुना आठवली, जी ओढ्यात बंद पडायची. पण तिकडे जायचे तर आधी त्यांची परिचारिकेची परीक्षा, मग नोंदणी, मग शिक्षणाचा खर्च, असे पाच-सात वर्षांचे गणित आहे, आणि इथे प्रसूतीचा पक्का अनुभव नसेल तर तिकडेही तुला वॉर्डातच ठेवतील असा माझा अंदाज आहे.

आणि इथे काम नाही असे थोडेच आहे? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांत शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसले, सरकारी रुग्णालयांत चौदा. एकीकडे नको तिथे कात्री, आणि दुसरीकडे आपल्या जिल्ह्यातली ऊसतोडीची बाई, जी दसरा-दिवाळीनंतर पोटुशी असतानाच कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जाते, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहते, गुढीपाडव्याच्या सुमारास आठव्या महिन्यात परतते आणि तिच्या कार्डावर मधल्या चार महिन्यांचे रकाने कोरे असतात. याच बायांच्या गर्भपिशव्या काढून टाकल्याचे प्रकरण २०१९ साली गाजले, सरकारला समिती नेमावी लागली. अशा बाईला वेळ देऊन, तिची पाळी, तिचे पोट, तिची भीती ऐकून घेणारी कोणी शिकलेली बाई तालुक्याला असती तर त्यातल्या कितीजणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेल्या असत्या? मी हे काम करू शकले नाही, कारण माझ्याकडे पाच गावे आणि बारा रजिस्टरे होती.

संस्था निवडताना इमारत पाहू नकोस. काही ठिकाणी कागदावर रुग्णालय असते आणि प्रत्यक्षात मुली बसने भाड्याच्या रुग्णालयात जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहतात, केसबुक एकमेकींचे पाहून उतरवतात. तुझ्या चुलत बहिणीने तेच केले आणि लाखोंची फी भरून केले. तिथल्या विद्यार्थिनींना बाहेर गाठून विचार की महिन्याला किती प्रसूती होतात, त्यातल्या किती त्यांच्या हातून होतात आणि किती डॉक्टरकीच्या मुलांच्या वाट्याला जातात, रात्री बरोबर कोण असते, आणि शिकवणाऱ्या बाईंनी शेवटची प्रसूती कधी केली. ऑक्सिटोसिन, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायचे इंजेक्शन, कुठे ठेवतात तेही पाहून ये. ते दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि भारनियमनात ट्रेवर दिवसभर उघडे पडलेले इंजेक्शन रक्तस्राव सुरू झाल्यावर कामाला येईलच असे नाही. ज्या लेबर रूममध्ये फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता लावलेला आणि खरोखर भरलेला दिसेल, तिथल्या बाकीच्या गोष्टींवरही मी विश्वास ठेवीन.

लग्नाचे मामांनी पुन्हा काढले होते. दीड वर्ष थांबा म्हणून मी सांगितले, आणि तुझ्या बाबांनीही मान हलवली, हप्त्याचा विषय न काढता.

नर्सिंग परिषदेकडच्या तुझ्या नोंदणीचे पाच वर्षांचे नूतनीकरण जवळ आले आहे, ते आधी करून घे. अर्जाच्या वेळी त्यावरून अडवतात. बी. एस्सी.च्या मूळ गुणपत्रिका कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत आहेत, मी काढून ठेवते. रजा मिळाली की दोन दिवस ये, आणि येताना त्या दीड वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रसूती कक्षात प्रत्यक्ष किती तास असतात तेवढे विचारून ये. मला ते पाहायचे आहे.

तुझी,
आई