काळी वाळू म्हणजे राख नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औद्योगिक वसाहतींच्या आसपास ओढ्याकाठी, पडीक रानात काळे ढीग दिसतात. लोक त्याला ‘फाउंड्रीची’, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याची, ‘राख’ म्हणतात. ती राख नव्हे, बहुतांश सिलिका वाळूच आहे. काळेपणा कोळशाच्या भुकटीचा. माझी उभी नोकरी कोल्हापुरात फाउंड्रीच्या सँड प्लांटवर, म्हणजे साच्याची वाळू तयार करणाऱ्या खात्यात झाली, म्हणून हे पत्र.

ही वाळू सिंधुदुर्गातल्या फोंडा-कासार्डे भागातून घाट चढून येते. तिकडे डोंगर पोखरायचे, इकडे ओढे बुजवायचे, असा हा उलटा धंदा. बेंटोनाइट ही चिकट माती, कोळशाची भुकटी आणि ३ ते ४ टक्के पाणी घालून ती मळली की साच्याची वाळू तयार. पाणी जरा जास्त झाले की वाफ कोंडून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल (पोकळ भोके) पडलेच. कमी झाले की साच्याची कड ढासळते. जुने मोल्डर मुठीत वाळू दाबायचे, मधोमध मोडायचे आणि ‘चालंल’ किंवा ‘पाणी मार’ एवढेच बोलायचे. पुढे प्रयोगशाळेची मापे आली, तरी माझा भरवसा मुठीवरच राहिला.

साच्यात तेराशे-चौदाशे अंशांचा बिडाचा रस पडतो, पण पुरती भाजते ती रसाला लागून असलेली वाळू. उरलेली झाडून, चुंबकाने लोखंडाचे कण काढून, चाळून, गार करून पुन्हा मिक्सरला जाते. आमच्याकडे हे पाळीगणिक चालायचे.

घोळ होतो तो कोअरमुळे. पंपाच्या बॉडीतली पोकळी ज्याने राखायची तो कोअर बहुधा रेझिन या रासायनिक चिकट द्रव्याने घट्ट केलेल्या वाळूचा असतो. कास्टिंग झाडताना तो फुटून साच्याच्या वाळूत मिसळतो. मग वाळू बिघडू नये म्हणून नवी आत घ्यावी लागते आणि तेवढी जुनी बाहेर जाते. त्यातल्या रेझिनमधले फिनॉल हे विषारी रसायन पावसाच्या पाण्यात उतरू शकते, म्हणून ती ओढ्याकाठी नको.

सहा-सातशे अंशांना भाजून रेझिन जाळले की वाळूचा कण पुन्हा कामाचा होतो. ही थर्मल रिक्लेमेशनची भट्टी लहान फाउंड्रीवाल्याला एकट्याने परवडत नाही, हे मान्य. पण दहा-वीस जणांनी मिळून एक उभारायला काय हरकत आहे? कोअरची ढेकळे शेकआउटलाच, म्हणजे साचा फोडून कास्टिंग झाडतानाच, वेगळी काढायला तर यंत्रही लागत नाही, एक डबा आणि सुपरवायझरचे लक्ष पुरते. आमच्या खात्यात दोन्ही वाळूंची एकच ट्रॉली भरायची, कारण वेगळी ठेवा असे सांगणारे वर कोणी नव्हते.

यातूनही उरेल ती वाळू तपासून पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याच्या भरावात वापरता येते. प्रदूषण नियंत्रण मंडळ, उद्योजकांच्या संघटना आणि बांधकाम खाते यांनी एकत्र बसून तपासणीचे निकष आणि सामाईक भट्टीची जागा पावसाळ्याआधी ठरवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सँड प्लांट कामगार, कोल्हापूर