दर सांगून गप्प बसायला शिकवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून टाकतोय. नातीला सांगा वाचून दाखवायला, तुमच्या चष्म्याचं माहितीय मला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. तीसेक वर्षं त्यांनी पेपरसाठी आणि दिवाळी अंकांसाठी जाहिराती गोळा केल्या, नाशिकहून एसटीने पिंपळगाव बसवंत, निफाड, दिंडोरी, बॅगेत अंकाची डमी आणि दरपत्रक. मी द्राक्षबागांवरची एक छोटी वेबसाइट चालवतो, एकटाच, छाटणी, डाऊनी-भुरीसारखे बुरशीचे रोग, हवामान असलं सगळं.

तर झालं असं की दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या दिवसांत, एका खत कंपनीच्या माणसाचा फोन आला, जाहिरात लावायचीय, किती घेता. आणि मी काय म्हणालो तर "तुम्ही द्याल ते". त्याने वर्षाला 6,000 सांगितले, सगळ्या पानांवर वरची पट्टी आणि वर दोन लेख फुकट, आणि मी लगेच हो म्हणालो, कारण अॅडसेन्सचे, म्हणजे गुगलच्या जाहिरातींचे, 100 डॉलर जमल्याशिवाय पैसेच येत नाहीत आणि ते जमायला मला तीन-तीन महिने लागायचे, त्यामुळे एकरकमी सहा हजार म्हणजे लॉटरीच वाटली. पेढे घेऊन खाली आलो तुमच्याकडे. तुम्ही पेढा खाल्लात आणि एवढंच विचारलंत, "ऑक्टोबरात किती लोक येतात तुझ्याकडे?"

मोबाईलवर बघून सांगितलं, उन्हाळ्यात महिन्याला 20 हजार व्हिजिट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात 70 हजार. का ते तुम्हाला सांगायला लागलं नाही. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली, झाली, कोवळी फूट निघाली आणि नेमकं ढगाळ आलं की डाऊनीच्या भीतीने माणूस रात्री दोनला उठून मोबाईल बघतो, फवारू का सकाळपर्यंत थांबू. तुम्ही म्हणालात, "तो त्या वेळी तुझं पान उघडतो आणि ते पान तू वर्षाला सहा हजारात देऊन आलास? अरे दिवाळी अंकाचं चौथं कव्हर, मागचं बाहेरचं पान, ते पण कागदच असतो, त्याचा दर आतल्या पानाचा लावतात का?"

मला वाटलं आता तुम्ही डील मोडायला सांगणार. तर नाही, "शब्द दिलायस ना, वर्ष पूर्ण कर" आणि मी खरंच केलं, ते दोन लेख पण लिहिले, वर ठळक "जाहिरात" असं टाकून. (पैसे घेऊन दिलेल्या लिंकला स्पॉन्सर्डचा टॅग लावायचा असतो, गुगल 2019 पासून तसं सांगतंय, हे मात्र मी तुम्हाला शिकवलं. एवढा एकच हिशोब माझ्या बाजूने आहे.)

मग तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दरपत्रक काढून दिलंत. हंगामाचा दर वेगळा, एरवीचा वेगळा. "आमच्या स्पर्धकाची जाहिरात नको" असं कुणी म्हणालं तर त्याचे पैसे वेगळे. एजन्सीतर्फे आलं तर त्यांचे 15 टक्के आधीच दरात धरायचे, मागून आपल्या खिशातून द्यायचे नाहीत. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे, चहाचा डाग पडलाय त्याच्यावर.

पण खरी मजा पुढच्या वर्षी, ठिबकवाल्या डीलरच्या फोनला. तुम्ही शेजारी बसला होतात. मी म्हणालो, "ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून तीस हजार" आणि तुम्ही सांगितलं होतं तसं गप्प बसलो. काका, एवढा वेळ मी आयुष्यात कधी गप्प बसलो नसेन, त्याच्या दुकानातला पंखा ऐकू येत होता, तोंडात "पण कमी करू शकतो" असं अगदी येऊन थांबलं होतं आणि तुम्ही माझा गुडघा दाबून धरलात. शेवटी तोच बोलला, "जास्त होतात हो." तुम्ही पेपरच्या कडेला लिहून दाखवलंत, दर नको, दिवस दे. मी डिसेंबरचे दहा दिवस वाढवून दिले आणि तीस हजाराला जमलं!

नंतर एक एजन्सीवाली मुलगी सीपीएमवर, म्हणजे जाहिरात हजार वेळा दिसण्याच्या दरावर, अडली. महिन्याचे पंधरा हजार आणि दीड लाख पेजव्ह्यू म्हणजे हजाराला शंभर रुपये पडतात, आम्हाला दुसरीकडे तीसला मिळतं म्हणाली. मी तुमचंच वाक्य जसंच्या तसं फेकलं, "मिळतं तर घ्या, पण त्या हजारात बागायतदार किती?" तिने दोन दिवसांनी आरओ, म्हणजे जाहिरातीची लेखी ऑर्डर, पाठवली.

एका ठिकाणी मात्र तुमचं ऐकलं नाही. ते मणी फुगवायचं टॉनिक, ज्याच्या बाटलीवर आत काय आहे तेच लिहिलेलं नव्हतं, 40 हजार देत होते. तुमचं म्हणणं, कोपऱ्यात "जाहिरात" छाप आणि घे, पेपरवाले तेच करतात. पण 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, तेव्हा आमच्या मामांची बाग होती, त्यांचं तोंड मला आठवतं. मी नाही म्हणालो. तुम्ही अजून अधूनमधून "चाळीस हजार गेले तुझे" म्हणता, म्हणत राहा.

आणि वसुली. आरओ हातात आल्याशिवाय जाहिरात चढवायची नाही, निम्मे पैसे आधी, हे आता अंगवळणी पडलंय. सरकारकडे लहान उद्योगांची असते ती उद्यम नोंदणी पण करून घेतली, आमच्यासारख्या लहान धंद्याचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचा कायदा आहे म्हणून तो नंबर बिलाच्या तळाला छापतो. तरी एका एजन्सीकडे मागच्या हंगामाचे साडेसात हजार अडकलेत. उद्या सकाळी फोन करणारे. "पैसे देताय का" नाही विचारणार, तुम्ही सांगितलं तसं "कधी येऊ" एवढंच विचारेन आणि मग गप्प.

संध्याकाळी खाली येतो, काय म्हणाले ते सांगायला. चहा ठेवा.