चिकूच्या शाळेचे पैसे

बॉस्टनजवळ,
12 मे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "चिकूची शाळा फुकट म्हणतेस, मग पैसे भरतं कोण? सरकार?" कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, मी "हो" म्हणून मोकळी झाले. पण कुठलं सरकार, हीच तर इथली भानगड आहे.

कायदा इथल्या केंद्र सरकारचा, 1975 चा. चिकूसारख्या अपंग मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण विनामूल्य मिळायलाच हवं. एका विद्यार्थ्यामागे देशात जो सरासरी खर्च होतो, त्याच्या 40 टक्क्यांपर्यंत केंद्र देईल असं तेव्हा ठरलं होतं. आज 15 टक्केसुद्धा येत नाहीत. उरलेलं राज्याने आणि गावाने बघायचं.

आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात यासाठी 'सर्किट ब्रेकर' नावाची योजना आहे. हो बाबा, मीटरच्या पेटीतला असतो तोच शब्द! समजा एका मुलाचा खर्च लाखभर डॉलर झाला. साधारण पहिले 50 हजार गावाचे. त्यावरच्या रकमेतले पाऊण राज्य देतं, तेही सहसा पुढच्या वर्षी. म्हणजे गावाच्या खिशातून साडेबासष्ट हजार गेले, ते एका मुलापायी.

आणि गावाचा खिसा म्हणजे घरपट्टी. 1980 पासून इथे नियम आहे की नवी बांधकामं सोडली तर घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांवर वाढवायची नाही. वाढवायचीच तर लोकांचं मत घ्यायचं. 2023-24 साठी तर राज्याने चिकूच्या शाळेसारख्या खासगी विशेष शाळांना फीमध्ये 14 टक्के वाढ करू दिली होती. अडीचमध्ये चौदा बसवायचे कसे?

त्यासाठीच परवा गावसभा झाली, शाळेच्या जिममध्ये. मतदारांच्या हातात नारिंगी कार्डं. आम्ही ग्रीन कार्डवाले, अजून इथले नागरिक नाही, म्हणून कडेला पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. एक आजोबा उठले आणि म्हणाले, "बाहेरच्या शाळेत जाणाऱ्या एका मुलाच्या पैशांत इथे एक शिक्षक टिकला असता." नाव कुणाचंच घेतलं नाही. पण रोज सकाळी सात दहाला पांढरी व्हॅन आमच्याच दारात थांबते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी पर्सची चेन उघडत-मिटत बसले. ह्यांनी हळूच माझा हात धरला.

राग यायला हवा होता, आला नाही. त्या आजोबांचं पेन्शन तेवढंच आणि घरपट्टी वाढणार, एवढं मलाही कळतं. राग आला तो त्या 40 टक्क्यांचा. पण तो काढायचा कुणावर? केंद्र काही त्या जिममध्ये येऊन बसत नाही.

सभेत घरपट्टी वाढवायचा ठराव मंजूर झाला, आता मतपेटीत कौल व्हायचाय, 20 तारखेला. आम्हाला मत नाही. घरपट्टीचा हप्ता मात्र 1 तारखेलाच भरलाय.

आई, मेतकूट संपत आलंय. चिकू त्याशिवाय भात खात नाही.

तुमची,
माई