मन्याला पत्र: वरचं गॅरेज, खालचं घर आणि मधली पाखाडी

प्रिय मन्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, त्यात अर्धा वेळ पुढचं स्टेशन सांगणारी बाईच बोलतीये, पण मुद्दा कळला, गावच्या गॅरेजवर कॅमेरे लावायचेत. फोन केला असता पण तू ऐकणार निम्मं आणि उरलेल्या निम्म्यावर जाऊन केबलचा बॉक्स घेऊन येणार, मला माहितीये तुला, म्हणून बसून लिहितोय. नीट वाच आणि शिमग्याला जाशील तेव्हा काम उरकून टाक, कारण एकदा आंबा सुरू झाला की खणायला माणूस मिळत नाही आणि मग पाऊस.

तर तुमचं घर खाली, गॅरेज वर रस्त्याला, मधे पायऱ्यांची पाखाडी. गाडी घरापर्यंत येतच नाही म्हणून आण्णांनी ते वर बांधलं, आणि आता त्यात पिकअप, ग्रासकटर, फवारणीचा पंप, क्रेट असं सगळं पडलेलं असतं आणि रात्री तिकडे चिटपाखरू नसतं. डिझेल काढून नेलं हे ऐकून वाईट वाटलं, पण त्याहून आण्णा बॅटरी घेऊन रात्री एकटे पाखाडी चढून बघायला जातात हे जास्त वाईट वाटलं. त्यामुळे तुझी कल्पना मला पटलीये, वर चार कॅमेरे आणि रेकॉर्डर खाली घरात, माजघरातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडलेला, म्हणजे गाडीचा आवाज आला की आण्णांनी रिमोटने नुसतं इनपुट बदलून बघायचं. रेकॉर्डर वर गॅरेजातच ठेवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नको, चोर आला तर पुरावाही सोबत घेऊन जाईल. तसंच ते सिमकार्डवाले सोलर कॅमेरे, ते तुला मुंबईत बसून बघायला छान आहेत, आण्णांना काय उपयोग, आणि तुमच्या तिकडे रेंज कशी येते ते तूच मला सांगायचास.

आता तो सीसीटीव्हीवाला जे म्हणाला ना, की एकच कॅट सिक्स केबल, म्हणजे नेटवर्कची तांब्याची, वरपर्यंत टाकतो, स्विचचं (एका केबलवर अनेक कॅमेरे जोडायचा डबा) एक्स्टेंड मोडचं बटण दाबतो, झालं काम, तिथे थांब. माणूस खोटं नाही बोलत, चित्र दिसेल. पण इथरनेटच्या तांब्याच्या केबलची हद्द १०० मीटर आहे आणि तुमचं अंतर सरळ रेषेत ८० असलं तरी केबल काही हवेतून उडत जाणार नाही, ती पाखाडीच्या वळणाने दगडी गडग्याकडेने जाणार, म्हणजे ११०-१२० झालेच. ते एक्स्टेंड मोड २५० मीटर जातं खरं, पण जातं कशाच्या बदल्यात, तर स्पीड १० एमबीपीएसवर आणून. एक कॅमेरा ४ एमबीपीएस धरला तर चार कॅमेऱ्यांचे १६ झाले. १६ दहात कसे बसणार? मग तो प्रत्येक कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन पाडून ठेवेल आणि चोराचा चेहरा म्हणून तुला चार ठिपके दिसतील. शिवाय स्वस्तात जो बॉक्स मिळतो ना ३०५ मीटरचा, तो बहुतेक वेळा सीसीए असतो, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, त्यातून पीओईची पॉवर (डेटाच्याच केबलमधून कॅमेऱ्याला जाणारी वीज) लांबवर पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं आणि रात्री आयआर, म्हणजे अंधारात बघायचे इन्फ्रारेड लाइट लागले की कॅमेरा बंद-चालू बंद-चालू करत बसतो. दिवसा सगळं व्यवस्थित, म्हणून कोणाला कळतच नाही काय झालंय ते.

पण हे सगळं सोड, स्पीडचं काहीतरी जमवता आलं असतं. माझा खरा विरोध विजेमुळे आहे, आणि विजेमुळे म्हणजे महावितरणची नाही, आभाळातली. तुला आठवतंय ना आपल्याकडे मे महिन्यात वळीव कसा येतो आणि मग परत ऑक्टोबरमध्ये, माडावर पडते कधीकधी. वीज थेट कॅमेऱ्यावर पडायची गरजच नसते रे. जवळपास कुठे पडली की जमिनीतून करंट पसरतो, आणि त्या क्षणी वरच्या गॅरेजची जमीन आणि खालच्या घराची जमीन यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. एरवी त्या दोन जागांचा एकमेकांशी काही संबंध नसतो म्हणून बिघडत नाही. पण तू मधे तांब्याची तार टाकलीस की संबंध आला, तो फरक त्या तारेतून पळतो आणि पळत जातो कुठे तर एनव्हीआरच्या, म्हणजे त्या रेकॉर्डरच्या पोर्टात, तिथून राउटरमध्ये आणि एचडीएमआयने टीव्हीत. कोणी म्हणेल सर्ज प्रोटेक्टर लाव. लाव ना, पण तो आलेला करंट अर्थिंगमध्येच सोडणार, आणि आपला जांभा, त्यात मे महिन्यातली कोरडी ठणठणीत जमीन, तिथे चांगलं अर्थिंग मिळवणं हेच मोठं काम आहे. म्हणजे वीज नेमकी तेव्हा येते जेव्हा अर्थिंग सगळ्यात वाईट असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, या दोन इमारतींच्या मधे डेटासाठी तांबं नको. फायबर टाक.

फायबर म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी मोठं कंपनीवालं प्रकरण आहे. अरे तुमच्या घरात नेट येतं ते त्यानेच येतं, ती काळी बारीक वायर. काच आहे, वीज वाहून नेतच नाही, आणि १२० मीटर म्हणजे तिच्यासाठी काहीच नाही, सिंगल मोड नावाच्या फायबरवर कित्येक किलोमीटर जातं. फक्त घेताना बघ की आत किंवा बाजूला स्टीलची तार नको, नाहीतर काच टाकून पुन्हा लोखंड जोडलं असं व्हायचं. दुकानात आर्मर्डच, म्हणजे स्टीलचं कवच असलेलीच मिळाली तर तिचं स्टील दोन्ही टोकांना मागून कापायचं, कुठल्या बॉक्सला बांधायचं नाही. दोन किंवा चार कोरची, म्हणजे आत तेवढे काचेचे धागे असलेली घे, लागणार एकच आहे पण बाकीचे पडून राहू देत, साळिंदराने एखाद्या ठिकाणी काही केलं किंवा कोणाचा कोयता बसला तर. अर्थात नुसती जमिनीत पुरू नकोस, काळा एचडीपीई पाइप मिळतो एक इंचाचा गुंडाळीत, तो गडग्याच्या बाजूने दीड-दोन फूट खाली घाल आणि जिथे कातळ लागतो तिथे वरून नेऊन सिमेंटने झाक. वळणं मोठी ठेव, काटकोनात मोडलंस तर आतली काच तुटते. आणि पाइपमधे एक नायलॉनची दोरी ओढून ठेव, सुतळी नको कुजते, पुढे कधी काही ओढायचं झालं तर मला शिव्या घालायच्या ऐवजी आशीर्वाद देशील.

दोन्ही टोकांना जोड मारायला तुमचा नेटवालाच बोलव. त्याच्याकडे फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन असतं, तासाभराचं काम आहे, चहापाणी आणि वर काय मागेल ते दे. मग दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी नेटवर्क केबल एकमेकांना जोडणारे डबे लागतात, एक वर एक खाली. हे जोडीने येतात आणि त्यावर ए आणि बी लिहिलेलं असतं, एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा बरोबर उलट. दुकानदाराने घाईत दोन्ही ‘ए’च दिले तर लाइट लागणार नाही आणि तुम्ही दिवसभर फायबरला दोष देत बसाल, त्यामुळे काउंटरवरच बघून घे. १०० एमबीपीएसचेही चालतील चार कॅमेऱ्यांना, पण गिगाबिटमध्ये फार फरक नसतो, तेच घे. त्यांचे ॲडॉप्टर मात्र फालतू असतात, एक जास्तीचा आणून आण्णांच्या कपाटात ठेव.

आता वर काय, तर कन्व्हर्टर, त्यातून एक छोटा पीओई स्विच, आणि स्विचमधून चार कॅमेऱ्यांना चार केबल. इथे कॅट सिक्सच वापरायची, ती सगळी एकाच गॅरेजच्या आत राहते म्हणून चालतं, पण शुद्ध तांब्याची घे. पीओईचं साधं गणित, एएफ स्टँडर्डमध्ये स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो आणि कॅमेऱ्यापर्यंत सुमारे १३ पोचायची खात्री असते. साधा बुलेट कॅमेरा रात्री आयआरसकट ६-७ वॅट घेतो, म्हणजे आरामात. फिरणारा पीटीझेड घ्यायचा असेल तर वेगळं बघावं लागेल, पण तो कशाला हवाय तुला, तो नेमका दुसरीकडे बघत असताना चोर येतो.

लाइटचं मात्र विचार करून कर. वर बल्ब जळतो तो घरातूनच नेलेल्या वायरवर ना? मग ती लाईन घरच्या इन्व्हर्टरवर घे. चार कॅमेरे, स्विच, कन्व्हर्टर सगळं मिळून ३५-४० वॅट, म्हणजे दोन जुन्या ट्यूबलाइटपेक्षा कमीच, १५० एएचच्या बॅटरीला काही वाटणारही नाही. कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस ठेवून उपयोग नाही, त्यातली ७ एएचची बॅटरी तास-दीड तासात मान टाकेल आणि पावसात आपल्याकडे लाइट गेली की रात्रभर जाते. हो, ही पॉवरची वायर तांब्याचीच आहे, तू विचारशीलच. तिच्यावरून वीज आली तर वरचा स्विच जाईल कदाचित, म्हणून बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसव आणि जमेल तेवढं चांगलं अर्थिंग दे, पण एनव्हीआरच्या नाजूक पोर्टात थेट घुसायला वाट राहत नाही, हा फायदा. फायबरचा पाइप आणि लाइटचा पाइप शेजारी शेजारी पुरलास तरी चालेल, काचेला त्याचं काही नाही, फक्त एकाच पाइपमधे कोंबू नको.

खाली आल्यावर सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सांगतो. तू बघितलेला एनव्हीआर मागे आठ पीओई पोर्टवाला आहे. साहजिकच वाटतं की वरून आलेली केबल त्यातल्या एकात खुपसली की चारही कॅमेरे दिसतील. नाही दिसत बहुतेक वेळा. ते पोर्ट एनव्हीआरच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कवर असतात आणि एका पोर्टवर एकच कॅमेरा असं तो धरून चालतो. त्यामुळे खालच्या कन्व्हर्टरची केबल राउटरमध्ये घाल, एनव्हीआरच्या लॅन पोर्टची केबलही राउटरमध्ये घाल, आणि मग एनव्हीआरमध्ये आयपी (कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता) टाकून एकेक कॅमेरा हाताने ॲड कर. पीओई पोर्टांची तुला मग गरजच नाही, साधा आठ चॅनेलचा घेतलास तरी चालेल, चार चॅनेल पुढे घराभोवती लावायला राहतील.

कॅमेरे एकाच कंपनीचे असतील तर फॅक्टरीतून सगळे एकाच आयपीवर येऊ शकतात, हिकव्हिजन १९२.१६८.१.६४ वर, दहुआ १९२.१६८.१.१०८ वर, त्यामुळे चारही एकदम लावलेस तर भांडत बसतील. एक लाव, त्याचा आयपी बदल, मग दुसरा. ५१, ५२, ५३, ५४ असे ओळीने दे आणि कागदावर लिहून एनव्हीआरच्या खाली चिकटव. वेगळ्या कंपनीचे घेतलेस तर ऑनव्हिफ या सगळ्यांच्या सामाईक पद्धतीने जोडता येतात, चित्र येतं, पण मोशनचे अलर्ट वगैरे धड येतीलच असं नाही, म्हणून शक्यतो एकाच घरचे घे. आणि २०२५ च्या एप्रिलपासून आपल्याकडे सरकारने कॅमेऱ्यांना सुरक्षा तपासणी सक्तीची केलीये, तेव्हा कोणी जुना पडलेला माल स्वस्तात गळ्यात मारत असेल तर विचार.

हार्डडिस्क २ टीबीची पुरेल. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी खातो, चार मिळून १७०च्या वर, म्हणजे अकरा-बारा दिवसांचं रेकॉर्डिंग. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) लावून २ एमबीपीएसवर आणलंस तर दुप्पट. गावाला बारा दिवस कमीच वाटतात मला, कारण पंप चोरीला गेलाय हे आण्णांना फवारणीच्या दिवशी कळणार, तेव्हा कमी बिटरेट किंवा मोठी डिस्क.

मोबाइलवर बघायला कंपनीचं ॲप वापर, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट आत यायला वाट उघडायला कोणी सांगितलं तर करू नको. २०१६ मध्ये मिराय म्हणून एक व्हायरस आला होता, त्याने जगभरातले असेच फॅक्टरी पासवर्डवर उघडे पडलेले कॅमेरे आणि डीव्हीआर पकडून त्यांच्याकडून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. पासवर्ड ॲडमिन-वन-टू-थ्री ठेवू नको एवढं तरी कर, आणि तो सीसीटीव्हीवाल्याकडे न राहता तुझ्याकडे राहील हे बघ.

कॅमेरे कुठे लावायचे ते तुला कळतंच, फक्त पत्र्याच्या अगदी जवळ लावू नको, आयआर परत येऊन चित्र पांढरं होतं. आणि पावसाळ्यात आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, मग रात्रभर जाळं हलतं आणि तुझा मोबाइल मुंबईत टुंग टुंग करत बसतो. काठीला फडकं बांधून अधूनमधून पुसायला लागेल, गडी येतो त्याला सांग. एक कॅमेरा पाखाडीच्या तोंडाकडे बघणारा हवाच, कोण खाली उतरतंय ते आण्णा-काकींना आधी कळेल.

हां, वायरलेसचं राहिलंच. ५ गिगाहर्ट्झचे दोन डिश लावून समोरासमोर जोडता येतं आणि विजेच्या दृष्टीने तेही चांगलं, मधे तार नाही. घर ते गॅरेज मोकळं दिसत असतं तर मी तेच सांगितलं असतं, खणायचा त्रास वाचला असता. पण मधे तुमचा तो रायवळ आंबा आहे, आणि ओल्या पानांतून हा सिग्नल धड जात नाही, म्हणजे जून लागला की भरवसा नाही. आंबा तोडायचा विषय आण्णांसमोर काढायची हिंमत तुझ्यात असेल तर काढ, माझ्यात नाही.

आता तू एवढं कर, आण्णांना त्रास न देता कोणाकडून तरी टेप लावून पाखाडीकडेने खरं अंतर मोजून घे, वर आणि खाली प्रत्येकी दहा मीटर जास्त धर, आणि वरच्या बोर्डाचा उघडून काढलेला एक फोटो पाठव, अर्थिंगची वायर आहे की नुसतीच लटकतीये ते बघतो. त्या माणसाला ॲडव्हान्स दिला नसशील तर अजून देऊ नको, दिला असशील तर त्याच पैशात कॅमेरे आणि स्विच घे म्हणावं, केबलचा बॉक्स नको. शिमग्याला मीही चार दिवस येतोय, पाइप ओढायला दोन माणसं लागतात.

काकींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या