वनमंत्र्यांना खुले पत्र: रानजायफळाला व्हाळ (ओढा) हवा

माननीय वनमंत्री, गोवा राज्य,
स.न.वि.वि.

वनमहोत्सव आला की आमच्या गावात रोपांचा टेंपो येतो. यंदा त्यात रानजायफळही घाला, असं कोणी सुचवलं तर कृपया हो म्हणण्याची घाई करू नका.

सत्तरी तालुक्यात बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई आहे. तिथे पाय घोट्यापर्यंत चिखलात रुततो आणि तळव्याला काहीतरी टणक लागतं. ते रानजायफळाचं मूळ असतं. चिखलातून वर येऊन, गुडघा मुडपल्यासारखं वळून पुन्हा आत गेलेलं. पाणथळ मातीत हवा नसते, म्हणून ही झाडं श्वासासाठी मुळं बाहेर काढतात. असली जायफळवर्गीय दलदल सह्याद्रीत आता तुकड्यातुकड्यांनीच उरली आहे. रानजायफळ आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

बीवरची तांबूस पत्री रामपत्री म्हणून विकतात, जायपत्रीत भेसळीलाही वापरतात. दर बरा मिळतो, म्हणून फळं कच्चीच उतरवली जातात. त्यात नर-मादी झाडं वेगळी, म्हणजे फळं धरणार फक्त मादीला. धनेशाने गिळून लांब टाकायची ती बी पोत्यात जाते.

रोपांचं म्हणाल, तर मी करून पाहिलंय. सात बिया आणल्या आणि भाताचं बियाणं वाळवतो तशा आठ दिवस पडवीत वाळवल्या. एकही रुजली नाही. नंतर कळलं, ही बी सुकली की मरते; ती ओलीच पेरायची. समजा रुजली, तरी लावणार कुठे? रस्त्याकडेच्या खड्ड्यात?

खरा घाव पाण्यावर आहे. बारमाही ओल असलेल्या खोलगट जागाच कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, आणि भातशेतीला लागतात. आमचं कुळागर कुठल्या दलदलीवर उभं आहे, हे आजोबांना विचारायचं राहूनच गेलं. आता वरच्या अंगाला पंप बसतात, बोअरवेल पडतात, डोंगरउतारावर काजूसाठी रान साफ होतं. झाडाला कुऱ्हाड न लावताही ते वाळवता येतं, आणि पंचनाम्यात तोड शून्यच दिसते.

2016 साली वृक्षसंरक्षण कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून माड वगळला, तेव्हा अख्खा गोवा ओरडला आणि तो परत आला. रानजायफळासाठी कोण ओरडणार? बहुतेकांनी ते पाहिलेलंही नाही.

जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 37 खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी बोलून वारसास्थळ जाहीर करू शकतं. तशा पाणथळ राया शोधून जाहीर करा. पण हद्द आखताना फक्त झाडांभोवती तार ओढू नका. वरचा झरा आणि व्हाळ आत घ्या. ज्या बागायतदारांचं पाणी त्यामुळे अडेल, त्यांच्याशी आधी बसा. त्यांत मीही असेन, आणि भांडेनही.

पाहणीला यायचं तर मे महिन्यात या. पावसाळ्यात सगळीकडेच पाणी दिसतं.

आपला,
सत्तरीतला एक बागायतदार