टाइसहर्स्टचे कागद वाचताना

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

टाइसहर्स्टवर निबंध लिहायला घेतलास, म्हणून हे कळवतो. सर्जन सॅम्युएल न्यूइंग्टन यांनी १७९२ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात हे खासगी मनोरुग्णालय काढलं आणि पुढे पिढ्यानपिढ्या ते घराण्यातच राहिलं. रुग्ण बहुतेक बड्या घरचे. १८३० च्या सुमाराची चित्रं बघ: बाग, पॅगोडा, पक्ष्यांचं घर. महाबळेश्वरचं हॉटेलच वाटावं! त्यात रमू नकोस. खरा मजकूर दाखल करतानाच्या कागदांत आहे.

१८४५ च्या कायद्याने खासगी रुग्णाला तीन कागद लागत: एक आदेश, बहुधा नातेवाइकाच्या सहीचा, आणि दोन डॉक्टरांचे दाखले. दोघांनी वेगवेगळं तपासायचं, तेही आधीच्या सात दिवसांत; ते एकमेकांचे भागीदार नकोत. आदेशासोबत निवेदन असे: वय, धंदा, वेडाचा झटका पहिलाच का, कारण काय असावं, फेफरं येतं का, आत्महत्येची भीती आहे का.

१८५३ पासून दाखल्यात दोन भाग आले, 'स्वतः पाहिलेलं' आणि 'इतरांनी सांगितलेलं'. तू दुसरा भाग आधी वाच. सांगणारा कोण? नवरा, भाऊ, की इस्टेटीतला वाटेकरी? निव्वळ ऐकीव माहितीवर दाखला चालत नसे, त्यामुळे ऐकलेलंच पहिल्या भागात सरकवायचा मोह होई. पहिल्या भागात नुसतं 'फार चिडतो' एवढंच असेल, तर तिथे खूण कर. सदोष दाखले लंडनचे लूनसी कमिशनर, म्हणजे मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, परत पाठवत.

जॉन पर्सिव्हलला विसरू नकोस. खून झालेल्या पंतप्रधानांचा हा मुलगा. आधी ब्रिस्टलजवळच्या ब्रिसलिंग्टन हाउसमध्ये होता, तिथे बांधून ठेवणं, गार पाण्यात बुडवणं सोसलं. १८३२ मध्ये टाइसहर्स्टला आला. इथे वागणूक बरी, पण तक्रार तीच: माझ्या मर्जीविरुद्ध का ठेवलंय? घरच्यांनाही त्याने सोडलं नाही. पुढे १८४५ मध्ये वेडे ठरवलेल्यांच्या बाजूने उभी राहणारी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता.

१८९० च्या कायद्याने अशा खासगी मनोरुग्णालयांना नवे परवाने बंद केले आणि खासगी रुग्णालाही न्यायाधिकाऱ्याचा आदेश सक्तीचा केला. जुनी मनोरुग्णालयं मात्र चालू राहिली.

टाइसहर्स्टची केसबुकं, म्हणजे रुग्णांच्या नोंदवह्या, लंडनच्या वेलकम संग्रहात आहेत, स्कॅन केलेली पानं घरबसल्या दिसतात. १८४५ नंतर डॉक्टरला दर आठवड्याला वेगळी नोंद ठेवावी लागे: कोणाला बांधलं, कोणाला कोंडलं, का. ती वही मिळाली तर त्याच तारखांची केसबुकं शेजारी ठेवून ताडून बघ.

तुझे,
बाबा